लहान लाटेचा उशीर

बाबा समोर बसून वाटाणे सोलत होते आणि त्याच वेळी ऑफिसच्या यंत्रात बाबा आत शिरले. तिने आधी पडद्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. त्यांचे दोन्ही अंगठे हिरवे झाले होते, मांडीवर वाडगं होतं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि हात भरलेले असल्यामुळे तो तिथेच राहिला होता. पडद्यावर त्यांच्या नावाचं खातं उघडं होतं आणि आतल्या गोदीतल्या पाण्याच्या खोलीचे नकाशे एकेक करून वाचत होतं. घाई मुळीच नव्हती. एक नकाशा उघडायचा, जरा थांबायचं, मग दुसरा. अगदी बाबांसारखं. क्षणभर तिला वाटून गेलं की खरे बाबा ते आतलेच, आणि हे समोरचे कोणीतरी आणून बसवलेत. तेवढ्यात बाबांनी एक उघडी शेंग तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, "बघ, आठ दाणे. एकही किडका नाही." तिने "हं" म्हटलं. एरवी घरात "हं" म्हणायचं काम बाबांचं असे.

सर्दी झाली म्हणून ती त्या दिवशी घरून काम करत होती. बंदराच्या ऑफिसात यंत्रांची राखण करणाऱ्या विभागात ती होती. कोण आत आलं, काय उघडलं, कुठल्या कपाटाशी घुटमळलं, याच्या ओळी दिवसभर पडद्यावरून वाहत असत आणि तिने त्या वाचायच्या. कंटाळवाणं काम आहे असं सगळे म्हणत. तिला नव्हतं वाटत तसं. माणूस दिसत नाही पण त्याच्या सवयी दिसतात, ही गोष्ट तिला पहिल्यापासून आवडली होती. हिशेबखात्यातले एक गृहस्थ रोज सकाळी आपलीच पेन्शन किती बसेल ते उघडून बघत आणि बंद करत, हे तिला ठाऊक होतं आणि जिन्यात भेटले की ती त्यांच्याशी जरा जास्तच गोड बोलत असे. बाबांचं खातं मात्र त्या ओळींत असायलाच नको होतं. बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण ते बंदराचे भरतीवाले. समुद्र केव्हा चढणार, केव्हा उतरणार, याचा वर्षाचा तक्ता इतकी वर्षं त्यांच्या हातून गेला होता. आता तक्ता यंत्रच काढत असलं, तरी छपाईला जायच्या आधी भरतीवाल्यांनी एकदा नजर टाकावी अशी ऑफिसची रीत पडून गेली होती. जुनी खाती बंद करायची यादी दरवर्षी निघे आणि दरवर्षी बाबांच्या नावाशी येऊन कोणीतरी म्हणे, यांचं राहू द्या. ते कोणीतरी तीही असे. लाडाने नव्हे, असं ती स्वतःला सांगत असे. पण तिच्या लहानपणी ते तिला धक्क्याच्या टोकाला घेऊन जात, पाण्याकडे बोट करून "आता उतरायला लागेल बघ" म्हणत आणि पाणी त्यांचं ऐके. अशा माणसाचं खातं बंद करायला हात उचलत नाही.

तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी नव्हे, लगेच, आतल्या खोलीत जाऊन, दार लोटून, विभागाच्या मॅडमना फोन करून. न सांगण्याचा विचार मनात आला नाही असं नाही. तो आला, दाराशी उभा राहिला आणि चपला न काढताच गेला. मॅडम एवढंच म्हणाल्या की काही बंद करू नकोस, नुसतं बघ.

मग बघणं सुरू झालं. राजधानीहून एक गृहस्थ आले. ते इतकं कमी बोलत की दुपारच्या चहापर्यंत विभागाने त्यांचं नाव कुलूप ठेवलं होतं. कुलूपांनी दोन दिवसांत दार कुठलं ते शोधून काढलं. काही महिन्यांपूर्वी बाबांना एका दूरदेशच्या विद्यार्थिनीची मेल आली होती. तिने त्यांचा जुना, कोणीही न वाचलेला लेख वाचला होता. त्यावरून तिने या बंदराचा भरतीचा तक्ता आपल्या हाताने काढून पाहिला होता आणि तो सोबत जोडला होता. कुठे चुकले असेन तर कृपया सांगावं. तक्त्याचं पहिलं पान मेलमध्येच दिसत होतं, पण तो पूर्ण दिसायचा तर एक बटण दाबावं लागत होतं. बाबांनी ते दाबलं. त्या बटणामागून जे घरच्या यंत्रात उतरलं, ते बाबांच्या खात्याची किल्ली घेऊन परत गेलं. तेव्हापासून ते रोज बाबांचं नाव लावून ऑफिसात येत होतं, कामाच्या वेळेत, भल्या माणसासारखं, आणि बाबाच तक्ता बघत असतील असं समजून ओळी वाचणारे पुढे जात होते, तीही. विभागात सगळे त्याला भाडेकरू म्हणू लागले. बाबा घरी त्याच व्यक्तीला शिष्या म्हणत.

भाडेकरूला काय हवं होतं ते स्पष्ट होतं. या बंदरात एका बड्या देशाची लढाऊ जहाजं तेल-पाण्याला थांबत. दुसऱ्या बड्या देशाला जाणून घ्यायचं होतं की आतल्या गोदीत कुठल्या भरतीला केवढं जहाज शिरू शकतं. या दोघांच्या वैरात हे बंदर म्हणजे नुसती वाट होती. कुलूप म्हणाले, बहुधा त्या दुसऱ्या देशाचेच लोक. सरकारी काम आहे, सुट्या चोरांचं नव्हे. कशावरून, असं तिने विचारलं. त्यांनी दाखवलं: भाडेकरू त्यांच्याकडच्या कचेरीच्या वेळेत येतो, त्यांच्या सुट्यांना येत नाही, मधे जेवायला उठतो. तिला वाटलं, एवढ्यावरून तर अर्ध्या जगातले कारकून धरता येतील. विज्ञान शिकताना 'बहुधा' शब्दापुढे आकडा लिहायची सवय लागली होती. इथे तो शब्द नुसताच टेबलावर ठेवला जात होता आणि सगळे त्याच्याभोवती बसत होते.

खोटे नकाशे ठेवावेत, भाडेकरूला तेच नेऊ द्यावेत, असं मॅडमच्या मनात होतं. ती म्हणाली, ठेवा, पण ते बाबांच्याही कपाटात दिसतील आणि संध्याकाळपर्यंत बाबा ते दुरुस्त करून ठेवतील. खोलीत हशा पिकला. कुलूपही हसले असावेत, कारण त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांना खोटं बोलता येतं?"

"नाही," ती म्हणाली.

"मग त्यांना खरं कळता कामा नये."

भाडेकरूच्या मागे कोण, आणखी कुठल्या कचेऱ्यांत त्याच्या खोल्या आहेत, हे समजेपर्यंत बाबांनी शिष्येला लिहीत राहायचं होतं, काहीच झालं नाही अशा भाबडेपणाने. आणि तिने त्यांच्यासमोर बसून जेवायचं होतं.

त्या दिवसांत तिला आपली जीभ तोंडात कुठे ठेवायची हेच कळेनासं झालं. बाबा जेवताना शिष्येच्या मेल वाचून दाखवत. चष्मा कपाळावर, छापलेला कागद ताटाच्या वर धरलेला, आणि एरवी दिवसाला चार शब्द खर्च करणारा माणूस घास विसरून बोलत असे. आई गेल्यापासून घरात आवाज असा उरलाच नव्हता. तशी आई होती तेव्हाही बाबा अबोलच. पण आईला ते अबोलपण चालत नसे. आई त्यांच्याशी भांडे, त्यांच्या वतीने उत्तरं देई, त्यांच्या वतीने रागावे आणि त्यांच्या वतीने समजूतही घालून घेई. आई गेली आणि ते सगळं काम बंद पडलं. तिने प्रयत्न करून पाहिले. बाबा, आज काय केलंत. काही नाही. बाबा, जेवण कसं झालंय. चांगलं. प्रश्न विहिरीत टाकावा आणि पाण्याचा आवाजही येऊ नये, तसं. मग एक दिवस ती ऑफिसातून आली तर बाबा दारातच उभे होते, हातात कागद, आणि म्हणाले, "बंड्या, एका मुलीने आपला तक्ता काढलाय. सगळा बरोबर. फक्त एका ठिकाणी गडबड केलीय पोरीने." लहानपणी फार बंडखोर म्हणून पडलेलं हे नाव आई गेल्यानंतर त्यांच्या तोंडून ती पहिल्यांदा ऐकत होती. त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली होती, आनंदाने. आता कळत होतं की तो आनंद कुठल्या कचेरीतून पाठवलेला होता.

शिष्या लिहीत असे: सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे करून पाहिलं. सर, उशीर शब्द मला फार आवडला. बाबांनी तिला समजावलं होतं की भरती ही एक लाट नसते. चंद्राची एक, सूर्याची एक, अशा कितीतरी लाटा एकावर एक येतात आणि त्यांच्या बेरजेला आपण भरती म्हणतो. प्रत्येक लाटेची एक उंची असते आणि एक उशीर. चंद्र डोक्यावर येतो तेव्हा लाट येत नाही, मागाहून येते, वाटेत खडक, वळणं, उथळ पाणी ओलांडत. उंची कोणीही मोजेल. उशीर ज्याला कळला त्याला बंदर कळलं. ती हे लहानपणापासून ऐकत आली होती, पण शिष्येसाठी बाबांनी ते पहिल्यांदाच सांगितल्यासारखं, नव्याने, वाक्य जुळवत लिहिलं होतं. तिला हेवा वाटला. एका यंत्रातल्या चोराचा हेवा. एकदा शिष्येने लिहिलं होतं की आमच्या खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत आहे, मी समुद्र अजून पाहिलेला नाही. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत नीट. समुद्र न पाहता उशीर काढते पोर, म्हणाले. दुसऱ्या दिवशी कचेरीत ओळी वाचताना ती भाडेकरूच्या हातांकडे बघत राहिली. तो आज्ञा टाइप करताना एकच अक्षर पुन्हा पुन्हा चुकत असे, मागे येई, दुरुस्त करी. मागे येताना जरा थांबत असे. कोण होतं ते? सबंध खोलीभर माणसं की एकटी बाई? मेल लिहिणारे हात आणि नकाशे चोरणारे हात एकच का? ती भिंत खरी होती की तीही कोणी वरिष्ठाने सुचवली होती, म्हाताऱ्याला पाझर फुटेल म्हणून? तिच्यासमोर चहा थंड होत असताना तिकडेही कोणाचा तरी चहा थंड होत असेल, असं वाटून तिला उगीचच कप सरकवावासा वाटला. मॅडमनी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही. बाबांसारखंच.

घरी स्वयंपाकघरात गोल घड्याळ होतं. आई असताना ते कधीच फार दिवस बरोबर चालत नसे. सारखं मागे पडे, आणि आईला त्याचं काहीच नसे. आईची वेळ आणि जगाची वेळ वेगळी, असं घरात सगळे तिला चिडवत. आता ते बरोबर चालत होतं. ती पालेभाजी निवडत त्याच्याकडे बघायची आणि वाटायचं, याला कसली शिस्त लागली अचानक. त्यापलीकडे विचार जायचा नाही. डोक्यात जागाच नव्हती. बाबा पाठमोरे बसून शिष्येला उत्तर लिहीत असले की त्यांच्या मानेवरचे पांढरे केस कॉलरवर आलेले दिसत. कापायला हवेत असं वाटे आणि सांगून टाकावं असंही वाटे, दोन्ही एकाच जोराने. सांगितलं तर नोकरी जाईल, चौकशी होईल, मागच्या खोल्या सापडणार नाहीत, ते एक वेळ परवडेल. पण सांगितलं की बाबा परत गप्प होतील. आणि नाही सांगितलं तर ते बोलत राहतील, पण रोज कोणाशी बोलत राहतील? असल्या बोलण्याला बोलणं म्हणायचं का, हा प्रश्न ती भाताबरोबर गिळत असे.

शेवटी कुलूपांना हवं होतं तेवढं मिळालं. एका सकाळी मॅडमनी तिला आत बोलावून सांगितलं की उद्या खातं बंद करायचं. दोन माणसं घरी येतील, यंत्र घेऊन जातील, चार प्रश्न विचारतील. सौम्यपणे विचारतील, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "तू आज दुपारीच घरी जा. त्यांना आमच्याकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे."

दुपारच्या उन्हात घर वेगळंच दिसतं. बाबा खिडकीशी बसले होते आणि ती अवेळी आलेली बघून आधी म्हणाले, ताप आला का. ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली, परीक्षेला बसल्यासारखी, आणि सांगत गेली. वाटाण्यांपासून. मधे कुठेही तिने 'बहुधा' म्हटलं नाही आणि मग आठवून म्हटलं, कारण बाबांना खोटा नेमकेपणा आवडत नसे. बाबा ऐकत होते. हात गुडघ्यांवर होते आणि एक अंगठा दुसऱ्या अंगठ्याच्या नखावरून फिरत होता.

"कुठले नकाशे नेले?"

"आतल्या गोदीचे."

"सगळे?"

"सगळे."

ते उठले. मोरीत जाऊन हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. परत येऊन बसले तेव्हा एकदम लहान दिसले, कोणाच्या तरी मोठ्या खुर्चीत बसवल्यासारखे. आयुष्यभर त्या पाण्याची खोली सांभाळली, म्हणाले, आणि माझ्याच नावाने गेली. ती म्हणाली, तुमची चूक नाही, कोणीही फसलं असतं, त्यांचं कामच ते आहे. बाबांनी मान हलवली. तिला वाटलं, पटलं. पण ती मान नाही म्हणत होती.

"तिच्या तक्त्यातली चूक मुद्दाम होती ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले.

तिने स्टूल पुढे ओढलं.

"शिकणारा माणूस चुकतो तेव्हा चार ठिकाणी चुकतो. मोठ्या लाटेत चुकतो. पहिल्या पानावर हिचं सगळं बरोबर आणि फक्त वळणावरच्या लहान लाटेचा उशीर बरोब्बर उलटा. त्या लाटेकडे जगात कोणी बघत नाही, बंड्या. ती मी शोधली होती. तक्त्यात घ्यायला साहेबांशी तीन वर्षं भांडलो होतो. चूक तिथेच ठेवायची म्हणजे मला ती दिसणार आणि मला राहवणार नाही, हे ज्याला माहीत आहे त्यानेच ठेवलेली."

"मग उघडलंत कशाला?" आवाज तिला हवा होता त्यापेक्षा वर गेला.

बाबा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागले. तिथून घड्याळाची अर्धी गोलाई दिसत होती. "तुझी आई काय करायची?" ते म्हणाले. "मी दोन-चार दिवस बोललो नाही की ते घड्याळ मागे करून ठेवायची. मला दिसायचं. मला राहवायचं नाही. आत जायचो, म्हणायचो, अगं, हे मागे पडलंय. ती म्हणायची, हो का, बघा बाई. मग मी स्टूल घ्यायचो, ते काढायचो, लावायचो, आणि तोवर तिने चहा टाकलेला असायचा." ते थांबले. "तीस वर्षं चाललं ते. ना तिने कधी कबूल केलं, ना मी कधी विचारलं."

खिडकीतून रस्त्यावरच्या कुठल्यातरी मोटारीच्या काचेचा कवडसा आला आणि भिंतीवरून सरकत गेला. आईवर केलेले सगळे विनोद तिला एकेक करून आठवत होते.

"मला वाटलं, कोणाला तरी बोलायचं आहे," बाबा म्हणाले.

मग संध्याकाळपर्यंत ते तसेच बसले होते. तिने दिवा लावला तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली, जरा संकोचून, एखाद्याकडे उसनं मागावं तशी. शेवटच्या तक्त्यात पोरीने लहान लाटेचा उशीर काढला आहे तो माझ्यापेक्षा बरा आहे, म्हणाले. वळणाशी गाळ साठलाय तो मी धरला नव्हता, तिने धरला. हे तिला कळवायचं राहून गेलं. "एवढं एक लिहू का? बाकी काही नाही लिहिणार."

"नाही लिहिता येणार, बाबा."

"बरं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "पण बरा होता."

माणसं आली, सौम्यपणे वागली, यंत्र घेऊन गेली. टेबलावर यंत्राच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला, बाकी धूळ. ऑफिसात सकाळी ओळी वाहत आणि त्यांत बाबा नसत. भाडेकरू एकदा दाराशी आला, किल्ली लावून पाहिली, लागली नाही, पुन्हा लावली, नेहमीचं अक्षर चुकला, दुरुस्त केलं, जरा थांबला. मग आला नाही. कुलूप राजधानीला परत गेले. जाताना तिच्या टेबलाशी उभे राहून त्यांनी विचारलं की वडील कसे आहेत. ती म्हणाली, ठीक. घरी बाबा 'हं'वर परत आले होते. ताटातलं संपवत, ताट उचलून ठेवत, खिडकीशी बसत. शिष्येचा विषय निघत नसे. एकदा तिने पाहिलं की ते बोटाने खिडकीच्या चौकटीवर काहीतरी आकडे काढत होते, आणि ती आली तशी त्यांनी हात खाली घेतला.

एका सुटीच्या सकाळी ती लवकर उठली. स्टूल ओढलं, घड्याळ भिंतीवरून काढलं. मागे भिंतीवर फिक्या रंगाचा वाटोळा डाग होता आणि त्याच्या कडेला आईच्या तेलकट बोटांचे जुने ठसे. घड्याळाच्या मागचं चाक तिने हलकेच फिरवलं, काटे मागे आले, आणि स्वतःच्याच घरात चोरी करत असल्यासारखं तिने दाराकडे वळून पाहिलं. घड्याळ परत टांगून ती खाली बसली आणि वर्तमानपत्र उघडून धरलं. एक अक्षर दिसत नव्हतं.

बाबा आले. पाणी प्यायले. पेला ठेवताना त्यांचा हात थांबला. ते घड्याळाकडे बघत होते, मग तिच्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे.

"बंड्या," ते म्हणाले, "हे मागे पडलंय."

"हो का? बघा बाई," ती वर्तमानपत्राआडून म्हणाली.

स्टूल सरकल्याचा आवाज आला नाही. तिने कागद खाली केला. बाबा तिच्यासमोरची खुर्ची ओढून बसत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड मात्र तक्ता तपासताना व्हायचं तसं झालं होतं.

"एवढं नाही करायचं," ते म्हणाले. "सबंध तास कोणाच्याही लक्षात येईल. थोडंसंच करायचं. शोधायला लागलं पाहिजे."

"मग मला शिकवा."

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. ते चुकीचंच चालत होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते लावायची घाई दिसत नव्हती. "चहा टाक आधी," ते म्हणाले, आणि टेबलावर सांडलेल्या साखरेत बोटाने बंदराचं वळण काढायला लागले. "इथे बघ. इथे गाळ साठलाय. हा मी धरलाच नव्हता."